बोलावलेल्या सोबत्याचा कासरा कोणाच्या हाती?

पऱ्हाटी (धागा सुरू करणारा)

आर्वी तालुक्यातल्या आमच्या गावात दर शनिवारी रात्री पाच जणांचा एक डाव बसतो. डाव पत्त्यांचा नाही, प्रत्येकाने एक काल्पनिक पात्र घेऊन फाशांच्या आधारे गोष्ट खेळायच्या 'डंजन्स अँड ड्रॅगन्स'चा आहे. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांचा हा खेळ १९७४ साली अमेरिकेत प्रसिद्ध झाला आणि आम्ही त्याची २०१४ ची पाचवी आवृत्ती खेळतो. पुस्तक इंग्रजीत, बोलणे आपल्या बोलीत. सतरंजीवर जुन्या दिनदर्शिकेचे पान उलटे पसरून त्यावर चौकटी आखलेल्या असतात, एक चौकट म्हणजे पाच फूट. शत्रू म्हणून चिंचोके आणि खेळाडूंची पात्रे म्हणून शर्टाची बटणे मांडतो. सूत्रधार, म्हणजे गोष्ट आणि शत्रू चालवणारा, नियमांचा निर्णय देणारा आणि ज्याला सगळे डीएम म्हणतात तो, मी आहे. त्यामुळे पुढची हकिगत एका बाजूची आहे असे समजूनच वाचावी.

वाद झाला तो एका सीताफळाच्या बीवरून. आमच्यातली एक खेळाडू ड्रुइड, म्हणजे निसर्गाचे मंत्र टाकणारे पात्र, आहे आणि ते पात्र तिसऱ्या पातळीवर आल्यापासून ती २०२० च्या पुरवणी पुस्तकातला 'समन बीस्ट' हा मंत्र वापरते. या मंत्राने पशूचे रूप घेतलेला एक आत्मा हजर होतो. तो तिच्या टर्ननंतर (पाळीनंतर) लगेच स्वतःचा टर्न घेतो, तिची तोंडी आज्ञा पाळतो, आज्ञा देण्यासाठी तिची कोणतीही अ‍ॅक्शन (टर्नमध्ये करता येणारी कृती) खर्च होत नाही, आणि आज्ञा मिळालीच नाही तर तो फक्त 'डॉज' करतो, म्हणजे अंग चुकवत धोक्यापासून लांब राहतो. आमच्या खेळात या आत्म्याने लांडग्याचे रूप घेतले आहे आणि दिनदर्शिकेच्या पानावर त्याच्या जागी सीताफळाची काळी बी असते.

मागच्या शनिवारी पुलावर लढाई चालू असताना शत्रूच्या पुजाऱ्याने 'सायलेन्स' टाकला. त्या मंत्राने वीस फूट त्रिज्येच्या गोलात आवाज निर्माण होत नाही आणि त्यातून आरपारही जात नाही. ड्रुइड गोलाच्या आत सापडली, लांडगा बाहेर पुजाऱ्यासमोर होता. मी निर्णय दिला की आज्ञा लांडग्यापर्यंत पोहोचत नाही, तेव्हा तो या टर्नला डॉज करील. त्यावर "तो काहून थांबला? आधीच सांगितलं होतं ना त्याले!" इथपासून जी खडाजंगी सुरू झाली ती मोबाइलच्या घड्याळावर नऊ मिनिटे चालली. दहाव्या मिनिटाला शेतीच्या फिडरला थ्री फेज आली, दोघांना हरभऱ्याला पाणी द्यायला मोटारीवर जावे लागले आणि लढाई आहे तिथेच थांबली.

माझे म्हणणे त्या एका निर्णयापुरते नाही. बोलावलेला सोबती म्हणजे खेळाडूचे दुसरे पात्र नव्हे, असे मला वाटते. फासे तिने टाकावेत, हिट पॉइंट (उरलेला जीव मोजणारे गुण) तिने लिहावेत, परंतु लांडग्याला काय करायचे ते तिने एका वाक्यात, पात्राच्या तोंडून, मोठ्याने सांगावे. त्या वाक्यात जे आले ते लांडगा करील आणि जे आले नाही ते त्याच्या स्वभावाला धरून सूत्रधार ठरवील. खेळाडूने पानावर वाकून "हा इथून तीन चौकटी, मग तिरपा, म्हणजे त्याच्या पाठीमागे येईल पण दुसऱ्याच्या टप्प्यात येणार नाही" असे बी सरकवत बसणे म्हणजे बुद्धिबळ झाले. त्यात लांडगा कुठेच नसतो. शिवाय ज्याच्याकडे सोबती नाही तो खेळाडू ताटकळत बसतो. आमचा फायटर, म्हणजे लढवय्या, ढाल आणि लांब तलवार घेऊन उभा असतो, एक फटका मारतो आणि पुढची वीस मिनिटे शेंगा फोडतो.

आपल्याकडे ज्यांचे डाव चालतात त्यांनी यावर काय पद्धत ठेवली आहे ते सविस्तर लिहावे.

सातबारा

आपला 'सायलेन्स'विषयीचा निर्णय बरोबर आहे, पण त्यामागे उभा केलेला सिद्धान्त चुकीचा आहे. दोन्ही गोष्टी वेगळ्या करून पाहिल्या पाहिजेत.

आधी निर्णयाकडे पाहू. आपल्या खेळाडूचे म्हणणे असे दिसते की मागच्या टर्नला दिलेली आज्ञा चालू राहायला हवी होती. या खेळात अशी चालू राहणारी आज्ञा आहे, परंतु ती दुसऱ्या मंत्रात आहे. 'अ‍ॅनिमेट डेड'मध्ये स्पष्ट लिहिले आहे की एकदा हुकूम दिला की काम पूर्ण होईपर्यंत तो प्रेतसेवक तेच करत राहतो. तिथे हुकूमही बोनस अ‍ॅक्शन (टर्नमधली जास्तीची छोटी कृती) खर्चून मनातल्या मनात, साठ फुटांच्या आत दिला जातो, त्यामुळे 'सायलेन्स'चा त्याच्यावर काही परिणाम होत नाही. २०१४ च्या 'कंज्युअर अ‍ॅनिमल्स'मध्ये तिसरीच भाषा आहे: आज्ञा नसेल तर ते पशू शत्रूपासून स्वतःचा बचाव करतात, एरवी काही करत नाहीत. आणि 'समन बीस्ट'मध्ये आज्ञा तोंडी असून ती नसेल तर डॉज. तीन मंत्रांची तीन कलमे आहेत. जिथे चालू हुकूम द्यायचा होता तिथे लेखकांनी तो लिहिला, जिथे लिहिला नाही तिथे तो आपण आपल्या पदरचा घालू नये. तलाठ्याच्या दप्तरात जी नोंद नाही त्या जमिनीवर पेरणी करून पुढे काय होते हे आपल्या भागात कोणाला सांगायला नको.

आता सिद्धान्ताकडे येतो. आज्ञा एकाच वाक्यात असावी, असे कोणत्याही कलमात नाही. उरलेले सूत्रधाराने ठरवावे, असेही नाही. उलट त्या आत्म्याच्या तक्त्यात असे नमूद आहे की बोलावणाऱ्याला ज्या भाषा येतात त्या त्याला समजतात. साध्या लांडग्याची बुद्धी ३ आणि या आत्म्याची ४ आहे, हा फरक लहान आहे; परंतु भाषा कळणे हा फरक लहान नाही. ज्याला पूर्ण वाक्य समजते त्याला "तीन चौकटी आणि मग तिरपा" हेही समजते. आपण त्याला मुका प्राणी ठरवून खेळाडूच्या हातून अर्धा मंत्र काढून घेत आहात. मला संशय आहे की 'फाइंड फॅमिलिअर' या छोटा सोबती बोलावण्याच्या मंत्राचा नियम आपल्या डोक्यात मिसळला आहे. त्या मंत्रातला सोबती खरोखरच स्वतःचा इनिशिएटिव्ह (पाळीचा क्रम ठरवणारा फासा) टाकतो, स्वतःच्या क्रमाने खेळतो, आणि त्याला हल्ला करता येत नाही. तिथे त्याचे थोडे स्वतंत्र वागणे समजण्यासारखे आहे. इथे नाही.

मोहफूल

ती ड्रुइड मीच. दादांनी धागा काढला हे बरे केले, कारण सतरंजीवर बसून मला जे नीट मांडता आले नाही ते इथे लिहिता येईल.

दादांनी एक प्रसंग सांगितला आणि दुसरा गाळला. त्याच्या आधीच्या शनिवारी आम्ही एका पडक्या वाड्याच्या अंगणात होतो. अंगणाच्या मधोमध गवताने झाकलेला खड्डा होता, तो आमच्यातल्या चोराच्या पात्राने आधीच शोधून काढला होता आणि लांडगा तेव्हा तिथेच उभा होता. एक शत्रू पळाला. मी लांडग्याला सांगितले, "त्याच्या मागे जा." दादांनी सीताफळाची बी उचलली, सरळ रेषेत नेली आणि खड्ड्यावर ठेवली. मी म्हटले की तो वळसा घालून जाईल. दादा म्हणाले की तू वळसा घालायला सांगितले नाहीस, लांडगा पाठलाग करताना सरळच धावतो, हा त्याचा स्वभाव. मी ते ऐकून घेतले.

मग पुलावर काय झाले ते पाहा. माझी शेवटची आज्ञा होती, "पुजारी पडेपर्यंत त्याला सोडू नकोस." लांडग्याचे दात पुजाऱ्याच्या पायात होते. अशा वेळी त्याला माझा आवाज ऐकू आला नाही, तर स्वभावाने तो काय करील? पाय सोडून बाजूला उभा राहील आणि माझ्याकडे पाहत बसेल? दादांनी त्या क्षणी स्वभाव बाजूला ठेवला आणि नियम काढला. खड्ड्यापाशी नियमात काहीच नव्हते तेव्हा स्वभाव काढला. दोन्ही वेळा नुकसान माझे झाले. सातबारा यांचे म्हणणे मला पटत नसले तरी ते निदान दोन्हीकडे सारखे आहे. दादांचे तसे नाही, आणि माझी खरी तक्रार तीच आहे.

शिवाय हा लांडगा मला फुकट मिळालेला नाही. तिसऱ्या पातळीच्या ड्रुइडला दुसऱ्या पातळीच्या मंत्रांसाठी दोनच स्लॉट, म्हणजे मंत्र टाकण्याच्या ठरलेल्या खेपा, असतात आणि त्यातला एक दर वेळी यात जातो. बोलावताना माझी पूर्ण अ‍ॅक्शन जाते. तो असेपर्यंत माझे कॉन्सन्ट्रेशन (मंत्र टिकवून ठेवणारे लक्ष) त्यात अडकलेले असते, म्हणजे मला एक बाण लागला की मी फासा टाकायचा, आणि दहा किंवा झालेल्या इजेच्या निम्मे यांपैकी जे मोठे तेवढे आले नाहीत तर लांडगा गेला. मंत्रासाठी लागणाऱ्या साहित्यातले सोन्याचा मुलामा दिलेले ओकचे फळ दोनशे सुवर्णमुद्रांचे आहे; ते घेण्यासाठी मी तीन शनिवार काही विकत घेतले नाही. एवढे करून बोलावलेला सोबती दुसऱ्याच्या हाताने चालणार असेल, तर मी आगीचा मंत्र घेईन. आग तरी सांगितल्या चौकटीत पडते.

धुरकरी

मी वयाने तुम्हा सर्वांपेक्षा बराच मोठा आहे आणि या खेळात उशिरा आलो. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१४ च्या निकालानंतर २०२१ च्या डिसेंबरपर्यंत आमच्याकडे शंकरपट, म्हणजे बैलजोड्यांच्या शर्यती, बंद होते. त्या रिकाम्या वर्षांत भाच्याच्या ओसरीवर हा खेळ पाहत बसायचो, पुढे एक पात्र घेतले. त्याआधी बरीच वर्षे मी पटात जोडी हाकली आहे, म्हणून जनावराच्या स्वभावावर बोलण्याचा थोडा हक्क सांगतो.

पऱ्हाटी म्हणतात त्यात तथ्य आहे. छकड्यावर उभ्या असलेल्या माणसाच्या हातात कासरा असतो, तोंडात हाक असते, याहून जास्त काही नसते. बैलाने उजवा पाय कुठे टाकावा हे धुरकरी ठरवत नाही. त्याने ते ठरवायचा प्रयत्न केला तर जोडी बुजते. आज्ञा थोडक्यात असावी आणि बाकीचे जनावरावर सोडावे, हे मला खेळातही योग्य वाटते. सोबती जिवंत वाटतो तो याच मोकळीकीमुळे.

मात्र त्याच कारणाने खड्ड्याचा निर्णय मला अजिबात मान्य नाही. आमचा एक बैल होता, त्याला नांगराच्या तासात कुठे भुसभुशीत लागले की तो अडायचा. मी शिव्या द्यायचो, तुतारी टोचायचो, तरी पाऊल टाकायचा नाही. खाली उंदरांनी पोखरलेले असायचे. पाय मोडला तर आपण संपलो हे जनावराला माणसाआधी कळते. जो खड्डा डोळ्यांनी पाहिला आहे त्यात लांडगा सरळ धावत जाऊन पडेल असे म्हणणाऱ्या सूत्रधाराने स्वभाव या शब्दाचा आधार घेऊ नये. सूत्रधाराच्या हाती जनावर द्यायचे तर त्याला जनावर माहीत असले पाहिजे.

सातबारा

धुरकरी यांच्या अनुभवाविषयी पूर्ण आदर ठेवून एवढेच म्हणतो की बैल पोटाला खातो, थकतो, भितो आणि मरतो. हा आत्मा शून्य हिट पॉइंटला अदृश्य होतो आणि पुढचा स्लॉट खर्च केला की पुन्हा येतो. पाय मोडण्याची भीती त्याने कोणाकडून शिकायची?

धुरकरी

मग त्याला लांडगा कशाला म्हणता, काठी म्हणा. काठीला डॉज करता येत नाही, एवढीच अडचण आहे.

गणिताचा मास्तर

कासरा कोणाच्या हाती हा प्रश्न मला दुय्यम वाटतो. सोबत्याची किंमत किती आणि तो वेळ किती खातो, हा मुख्य प्रश्न आहे. आकडे मांडतो.

दुसऱ्या पातळीच्या स्लॉटने आलेल्या या आत्म्याचा आर्मर क्लास (फटका लागण्यासाठी हल्लेखोराने गाठायचा आकडा) १३, जमिनीवरच्या रूपात हिट पॉइंट ३०, हल्ला एक आणि इजा एक आठ-बाजूंचा फासा अधिक ६. सरासरी साडेदहा. पऱ्हाटींचा फायटर ढालीसह लांब तलवारीने, ताकदीचे ३ धरले तर, सरासरी साडेसात इजा करतो. एकहाती शस्त्राचे खास कौशल्य घेतले असेल तर साडेनऊ. म्हणजे लागलेल्या फटक्यापुरते पाहिले तर ड्रुइडचा लांडगा फायटरपेक्षा जोरात चावतो, आणि वर ड्रुइडचा स्वतःचा टर्न शिल्लक राहतो. मोहफूल यांनी सांगितलेली किंमत खरी आहे, परंतु ती एकदाच भरायची आहे आणि माल तासभर मिळतो. फायटरला शेंगा फोडताना जे वाटते ते या आकड्यात आहे, बी कोण सरकवतो यात नाही.

वेळेचे म्हणाल तर एका लांडग्याला वेळ लागण्याचे कारणच नाही. एक वीस-बाजूंचा फासा आणि एक आठ-बाजूंचा, संपले. खरा वेळ कुठे जातो ते पाहायचे असेल तर २०१४ चा 'कंज्युअर अ‍ॅनिमल्स' घ्या. तिसऱ्या पातळीच्या एका स्लॉटमध्ये आठ लांडगे येऊ शकतात. दोन लांडगे एका शत्रूशेजारी असले की प्रत्येकाला अ‍ॅडव्हान्टेज (दोन फासे टाकून मोठा घ्यायचा), म्हणजे हल्ल्याचे सोळा फासे. आर्मर क्लास १५ असेल तर हल्ल्याचे अधिकचे गुण धरून लांडग्याला फाशावर ११ किंवा जास्त लागतात, म्हणजे एका फाशात निम्मी शक्यता, दोन फाशांत पाऊणपट. आठांपैकी सरासरी सहा चावे बसतात, दर चाव्याला सरासरी ७, एकूण ४२. त्याच पातळीच्या 'फायरबॉल' या आगीच्या मंत्राची सरासरी २८ आहे. तो अनेकांना लागतो हे खरे, पण एकदाच पडतो, आणि लांडगे दर राउंडला (सगळ्यांच्या एकेका पाळीच्या फेरीला) चावतात. शिवाय बसलेल्या प्रत्येक चाव्याला शत्रूने खाली पडू नये म्हणून वेगळा फासा. आमच्या गावी एकाने हा मंत्र टाकला तेव्हा मी भूमितीच्या वह्या तपासायला घेतल्या आणि त्याचा टर्न संपेपर्यंत चार वह्या झाल्या.

लेखकांनाही हे पटले असावे, कारण २०२४ च्या सुधारित पुस्तकात हा मंत्र मुळातून बदलला आहे: आता स्वतंत्र पशू येत नाहीत, पशूंच्या आत्म्यांचा एक कळप येतो, त्याला हिट पॉइंट नाहीत, टर्न नाही, तो फक्त एक धोक्याची जागा असतो आणि जवळ आलेल्याने बचावाचा फासा टाकायचा असतो. 'पाथफाइंडर' या अशाच दुसऱ्या खेळाच्या २०१९ च्या दुसऱ्या आवृत्तीने वेगळा मार्ग काढला. तिथे प्रत्येकाला टर्नमध्ये तीन अ‍ॅक्शन असतात. पाळीव पशूला हुकूम द्यायला त्यातली एक द्यावी लागते आणि बदल्यात पशूला दोन मिळतात. २०२१ मध्ये आलेल्या त्यांच्या 'समनर' या पात्रप्रकारात तर बोलावणारा आणि त्याचा आत्मा यांचे हिट पॉइंट एकच असतात, लांडगा जखमी झाला की रक्त तुमचे. मला ही रचना सर्वांत प्रामाणिक वाटते. पऱ्हाटींनी आपल्या डावात आज्ञेला बोनस अ‍ॅक्शनची किंमत लावावी आणि बी खुशाल खेळाडूच्या हाती द्यावी. स्वभावाचा प्रश्नच उरणार नाही.

मोहफूल

सर, बोनस अ‍ॅक्शन लावली तर माझे त्या अ‍ॅक्शनवर चालणारे मंत्र बंद पडतात. फायटरला शेंगा फोडाव्या लागतात म्हणून माझे ताट उचलायचे, हा हिशेब मला कळला नाही. त्याला एखादी जादूची तलवार द्यावी, माझी हरकत नाही.

रानपिंगळा

मी मेळघाटाच्या पायथ्याशी राहतो. माझ्या विझार्डकडे (जादूगार पात्राकडे) 'फाइंड फॅमिलिअर'चे घुबड आहे आणि मी त्याला रानपिंगळा म्हणतो. शंभराहून अधिक वर्षे जो पक्षी नामशेष झाला असे समजत होते तो १९९७ साली महाराष्ट्रातच पुन्हा सापडला आणि पुढे आमच्या जंगलातही दिसला. घुबडाच्या जातीचा असून तो दिवसा हिंडतो, त्यामुळे पुस्तकात घुबडाला दिलेली एकशेवीस फुटांची अंधारदृष्टी त्याला द्यावी की नाही यावर आमच्या सूत्रधाराने एक अख्खी संध्याकाळ घालवली. असो, मुद्द्यावर येतो.

इथे सगळे लांडग्याविषयी बोलत आहेत, परंतु छोटा सोबती लढाई जास्त बिघडवतो असा माझा अनुभव आहे, आणि बिघडवणारा मीच होतो. घुबडाला हल्ला करता येत नाही, पण 'हेल्प', म्हणजे साथीदाराच्या हल्ल्याला मदत, करता येते. ते उडत येते, शत्रूसमोर पंख फडफडवते आणि त्याच्या उडण्याच्या खास गुणामुळे प्रतिहल्ला न होता निघून जाते. आमच्या चोराला दर राउंडला अ‍ॅडव्हान्टेज. पाच लढाया हेच चालले. नियमात ते शंभर टक्के बसत होते आणि सगळ्यांना त्याचा कंटाळा आला होता, मलाही.

आमच्या सूत्रधाराने माझ्या हातून घुबड घेतले नाही. सहाव्या लढाईत शत्रूच्या तिरंदाजाने वर पाहिले. घुबडाचा आर्मर क्लास ११, हिट पॉइंट १. पुन्हा बोलावायला दहा सुवर्णमुद्रांचा कोळसा, धूप आणि वनस्पती लागतात, आणि एक तास लागतो. दहा मुद्रांचे काही नाही, पण भुयारात एक तास कोण थांबू देतो? तेव्हापासून मी त्याला जपून पाठवतो. बी खेळाडूच्याच हातात असू द्यावी आणि शत्रूंना डोळे द्यावेत, एवढे पुरते असे मला वाटते. पुलावर पुजारी लांडग्याकडे दुर्लक्ष करून ड्रुइडवर मंत्र टाकतो, हे तर मला त्या पुजाऱ्याचे शहाणपण वाटले.

पऱ्हाटी

सगळ्यांचे वाचले. मोहफूल, खड्ड्याचा प्रसंग मी गाळला तो मुद्दाम नव्हे, परंतु तो मला गैरसोयीचा होता हे आता वाचताना लक्षात येते. धुरकरी काकांनी बैलाचे लिहिले ते वाचून मी काल आमच्या शेतातल्या कुत्र्याकडे पाहिले. रोही (नीलगाय) पिकात शिरला की "छू" म्हटले की तो सुटतो, पण विहिरीच्या थारोळ्याला बरोबर वळसा घालतो. त्याला कोणी वळसा शिकवलेला नाही. खड्ड्याचा निर्णय चुकला.

एकदा स्वभाव मानला की पुलावरचा निर्णयही टिकत नाही, हेही मोहफूलचे बरोबर आहे. दात रुतलेला लांडगा आवाज थांबला म्हणून पाय सोडणार नाही. सातबारा यांनी दाखवलेले कलम मी नाकारत नाही. पुस्तकाप्रमाणे तो डॉजच करील. आमच्या सतरंजीपुरता मी असा बदल करतो की आवाज पोहोचला नाही तर मागच्या टर्नची आज्ञा आणखी एक टर्न चालेल, त्यानंतर डॉज. पुलावरचा तो टर्न लांडग्याला परत मिळेल.

परंतु एका वाक्याची आज्ञा मी सोडणार नाही, आणि तीही पात्राच्या तोंडून. बी मोहफूलने सरकवावी. वाट मी विचारणार नाही. मात्र वाक्यात शत्रूचा उल्लेख नसेल तर जवळचा शत्रू कोणता हे मी ठरवीन. मास्तरांच्या बोनस अ‍ॅक्शनचा विचार केला, पण चालू मोहिमेच्या मध्यात मंत्राची किंमत वाढवणे म्हणजे पेरणी झाल्यावर बियाण्याचा भाव बदलणे होईल. फायटरसाठी मात्र काहीतरी करायला हवे, ते आकडे पाहून मलाही वाईट वाटले.

सातबारा

एक टर्न चालणारी आज्ञा हा आपला घरगुती नियम आहे असे वहीत स्वच्छ लिहून ठेवा, तारीख घाला आणि पाचही जणांना दाखवा. उद्या तुमच्या शत्रूंपैकी कोणी असाच आत्मा बोलावला तर त्यालाही हा नियम लागू होईल, हे मोहफूल यांना आजच सांगा.

मोहफूल

मान्य आहे, शत्रूच्या लांडग्यालाही. दादा, माझ्या वहीत लांडग्याचे ३० पैकी ११ हिट पॉइंट उरलेले आहेत आणि पुजाऱ्याचा चिंचोका पुलाच्या डाव्या कठड्याला लागून दुसऱ्या चौकटीत होता. तुम्ही मोटारीवर जायच्या घाईत पान गुंडाळून ठेवले तेव्हा सीताफळाची बी सतरंजीखाली गेली होती, ती मी उचलून आणली आहे. शनिवारी थ्री फेज कितीला येणार आहे ते तेवढे आधी पाहून ठेवा, म्हणजे पुजारी पडेपर्यंत तरी बसता येईल.